लाईट गेल्यावर लिहिलेल्या तीन वह्या

आज सोमवार, दि. ३ फेब्रुवारी २०२५. घरात आले ते असे. हिंगोलीहून बांधणी होऊन आलेल्या जुन्या वह्या, नग तीन, बांधणी रु. ३६० (चारशे सांगितले होते, पाठीला साधे कापड लावा म्हटल्यावर चाळीस उतरले). बाई शुद्धीवर आहे आणि स्वतःचे बरेवाईट तिला कळते असा डॉक्टरांचा दाखला, रु. २००, म्हणजे ओळीला शंभर. फुलस्केप कागद एक दस्ता, रु. ६०. निळ्या शाईचे पेन दोन, रु. २०. एकूण रु. ६४०. मरण अजून आलेले नाही, नुसत्या तयारीलाच एवढे लागले.

मी श्रीमती शकुंतलाबाई उत्तमराव खिल्लारे, वय ७२, शिक्षण मॅट्रिक, काम घरकाम, धर्म ख्रिस्ती, राहणार डोंगरकडा, ता. कळमनुरी, जि. हिंगोली, हे मृत्युपत्र माझ्या हाताने, माझ्या स्वयंपाकघरात बसून, दिवसाउजेडी लिहिते आहे. मला कोणी भाग पाडलेले नाही, फसवलेले नाही, काही पाजलेले नाही. गोळ्या दोनच चालू आहेत, त्यांनी बुद्धीला काही होत नाही. माझा आत्मा ज्याने दिला त्याचा आहे, त्याची वाटणी माझ्या हातात नाही. बाकी जे आहे त्याची माझ्या पश्चात अशी व्यवस्था व्हावी.

१. घर. दोन खोल्या, पडवी व न्हाणी, ग्रामपंचायतीच्या नमुना आठला माझे नाव लागलेले आहे. हे घर माझी मुलगी पुनम, जी सेनगावला दिली आहे, व मुलगा स्वप्निल, जो नोकरीनिमित्त नाशिकला असतो, या दोघांना निम्मे-निम्मे. विकायचे झाल्यास आधी एकमेकांना विचारावे. पडवीपुढचा कडुनिंब तोडू नये. घर विकल्यावर तोडायला कोण अडवणार हे मलाही कळते, तरी लिहून ठेवते.

२. पोस्टातले बचत खाते व मुदत ठेव दोघांना सारखी. त्यातून आधी माझ्या दफनाचा खर्च काढावा. पेटी साध्या लाकडाची करावी. वर झालर नको.

३. शिलाई मशीन पुनमची मुलगी सृष्टी हिला. पायाचा पट्टा नवीन आहे. पितळी घागर मात्र कोणालाच देता येत नाही, कारण ती माझी नणंद पंचफुला हिने १९८३ साली बारशासाठी म्हणून नेली ती अजून बारसे चालूच आहे. मी तिला क्षमा केली आहे. प्रार्थनेत केली आहे, मनातून अजून थोडी बाकी आहे. घागर परत आल्यास पुनमने घ्यावी, आणि पंचफुलाला चहा पाजूनच पाठवावे.

४. वह्या. हे मृत्युपत्र मी खरे म्हणजे या कलमासाठी लिहिते आहे. वरचे सगळे दोघा लेकरांनी न लिहिताही आपसात समजून घेतले असते.

माझे पती ख्रिस्तवासी उत्तमराव हे प्राथमिक शाळेत शिक्षक होते, आणि रविवारी उपासनेत वचन वाचायचे काम त्यांच्याकडे असे. आमच्या भिंतीला भिंत लागून सय्यद मुनीरोद्दीन, म्हणजे मुनीरभाई, यांची पिठाची गिरणी होती. माणूस पाचवक्ती नमाजी. दळणात कधी पसाभर पीठ कमी दिले नाही, हे मी स्वतः तोलून पाहिलेले आहे.

भारनियमनाच्या वर्षांत आमच्याकडे दिवसाचे आठ-आठ तास लाईट नसे. गिरणी चालू असली की त्या आवाजात देवाबद्दल तर सोडाच, पिठाबद्दलही बोलता येत नाही. लाईट गेली की पट्टा थांबायचा, आणि शाळेतून आलेले हे गिरणीच्या बाकड्यावर टेकून म्हणायचे, "हां मुनीरभाई, काल आपण कुठं होतो?" लाईट आली की मुनीरभाई अर्ध्या वाक्यात उठायचे. ते अर्धे वाक्य दुसऱ्या दिवशी लाईट जाईपर्यंत तसेच राहायचे. दळणाला आलेल्या बाया पाट्या टेकवून ऐकत बसत. आमच्या शेजारच्या तांड्यावरच्या चंदाबाई एकदा म्हणाल्या, "तुमचा देव मोठा का यांचा, ते ठरवा सावकाश. माझी ज्वारी कवा दळनार ते आधी सांगा." मुनीरभाई म्हणाले, ते तर महावितरणलाच ठाऊक.

वाद दोनच गोष्टींवर असे. ग्रंथ कोणाचा प्रमाण, आणि शेवटचा संदेष्टा कोण. मुनीरभाई म्हणत, हजरत ईसांना, म्हणजे तुमच्या येशूला, इंजील ही किताब दिली गेली ती एक. तुमच्याकडे ईसांबद्दल चौघांनी लिहिलेले आहे, आणि पुढे पत्रे आहेत. पत्र म्हणजे आसमानी किताब कशी? हे म्हणत, आमच्याकडे देवाचा शब्द कागदावर उतरला नाही, माणूस होऊन आला. ज्यांनी त्याला पाहिले त्यांनी साक्ष लिहिली. मुनीरभाई म्हणत, तुमचे मराठी शास्त्र, म्हणजे बायबलसुद्धा दर पिढीला नव्या भाषेत निघते, आमची अरबी जशीच्या तशी आहे. हे हसून म्हणत, पण मुनीरभाई, अरबी तुम्हाला समजते कुठे? त्यावर मुनीरभाई म्हणाले होते, "समजत न्हाई म्हणून तर बदलता भी येत न्हाई, मास्तर." हे वाक्य पहिल्या वहीत आहे. ते आठवून हे दोन दिवस हसत होते.

पण २००४ साली दोघांचे बिनसले. "तुम्ही असं म्हणालात", "मी असं म्हणालोच नव्हतो", यावरून अडीच महिने बोलणे बंद. मला दळण दुसऱ्या गिरणीवर न्यावे लागले, तिथे पीठ जाडेभरडे येई. शेवटी मी दोघांना पडवीत बोलावले आणि सांगितले की मी घरचा हिशेब ठेवते तसा हाही ठेवते. नियम एकच. ज्याला उत्तर द्यायचे असेल त्याने आधी समोरच्याचे म्हणणे स्वतःच्या तोंडाने सांगायचे. समोरच्याने "बराबर" म्हटले तरच मी ते वहीत लिहिणार, आणि मगच उत्तर सुरू. पानाच्या एका बाजूला मुनीरभाई, त्याच पानाच्या पाठीवर हे. म्हणजे एकाचे फाडायला गेले तर दुसऱ्याचेही फाटते.

पहिले काही दिवस कोणाचेच "बराबर" येईना. मुनीरभाईंनी त्रैक्याची, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून देव एकच, ही गोष्ट सहा वेळा सांगितली, हे सहा वेळा म्हणाले, असं नाही. सातव्या वेळी मुनीरभाईंनी ती इतकी नीट सांगितली की मी लिहिता लिहिता थांबून त्यांच्याकडे पाहिले. ते घाईने म्हणाले, "भाभी, मी मानत न्हाई. फक्त सांगून राहिलो." पुढे यांचेही तसेच झाले. कुराणातल्या आयतांचा अर्थ हे असा सांगत की गिरणीवर आलेला एखादा मुसलमान शेतकरी विचारी, मास्तर, मुसलमान कधी झाले? हे म्हणत, झालो नाही, ऐकलं आहे.

अशा तीन वह्या भरल्या, २००४ ते २०१२. मग लाईट नीट राहू लागली आणि वाद मंदावले. मध्ये एकदा दोन तरुण, एक इकडचा एक तिकडचा, मिळूनच आले होते. मैदानात मंडप टाकू, भोंगा लावू, जाहीर वाद होऊ द्या, कोण हरतो ते लोक ठरवतील. मुनीरभाईंनी यांच्याकडे पाहिले. हे म्हणाले, "लाईट असताना आम्ही वाद घालत नाही." पोरांना वाटले म्हातारे चेष्टा करतात. तसे ते नव्हते.

आता जे लिहायचे ते लिहिते.

स्वप्निल रविवारी तिकडच्या चर्चमध्ये मंडळीपुढे बोलतो. लोकांना आवडते. माझ्या औषधाचे पैसे तो न चुकता पाठवतो, मुलगा म्हणून त्याला नाव ठेवायला जागा नाही. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत त्याने वह्यांतल्या वडिलांच्या बाजूच्या पानांचे मोबाईलवर फोटो काढले. त्याला पुस्तिका छापायची आहे. पहिलेच प्रकरण त्याने ठरवले आहे ते दुसऱ्या वहीतले, मोशेसारखा संदेष्टा. मोशेला देवाने सांगितले की तुझ्यासारखा एक संदेष्टा मी इस्राएल लोकांसाठी त्यांच्या भाऊबंदांमधून उभा करीन. मुनीरभाईंचे म्हणणे, भाऊबंद म्हणजे इश्माएलाचा वंश, ज्यातून अरब आले, म्हणून ही खूण त्यांच्या पैगंबरांची. यांचे म्हणणे, त्याच ग्रंथात एक अध्याय आधी राजाबद्दल "भाऊबंदांमधला" म्हटले आहे तो इस्राएलातलाच, तेव्हा त्या ग्रंथात या शब्दाचा दुसरा अर्थच होत नाही. आम्हा ख्रिस्ती लोकांच्या मते ही खूण येशूची. वहीत यांचे उत्तर आहे आणि त्यानंतर मुनीरभाईंचे काहीच नाही.

स्वप्निल फोनवर म्हणाला, "आई, बघ ना, इथं मुनीरचाचा पार निरुत्तर. हेच आधी छापायचं."

मी म्हटले, मुनीरभाईंचे बाकीचे छापणार की नाही? तो म्हणाला, "त्यांचं कशाला? लोक गोंधळतात."

"तुझा बाप नाही गोंधळला," मी म्हटले आणि फोन ठेवला. पण त्या दिवशी माझ्या हातून भाजीत मीठ दोनदा पडले. कारण मुनीरभाई निरुत्तर झालेले नव्हते.

खरे असे झाले. ऑगस्ट २००७. यांनी ते उत्तर दिल्यावर मुनीरभाईंनी ते पुन्हा सांगितले, हे "बराबर" म्हणाले, मी लिहिले. दुसऱ्या दिवशी मुनीरभाई मला म्हणाले, "भाभी, तुमची किताब दोन रोज मिळंल का? मास्तरची नको. त्यात पेन्सिलीच्या खुणा लई, मी त्यांच्याच वाटेनं जाईन." मी माझे शास्त्र स्वच्छ फडक्यात बांधून दिले. तिसऱ्या दिवशी ते परत आले, फडके धुऊन इस्त्री केलेले.

संध्याकाळी लाईट गेली. मुनीरभाईंनी माझेच शास्त्र पुन्हा मागून यांच्यापुढे धरले आणि म्हणाले, मास्तर, हाच ग्रंथ, दुसरा अध्याय. तुम्हीच वाचा. यांनी वाचले. तिथे एसावाच्या वंशाला इस्राएलाचे भाऊबंद म्हटलेले आहे. एसाव काही इस्राएल नव्हे, इस्राएलाचा भाऊ.

"एसावाच्या लेकरांना चालतं," मुनीरभाई म्हणाले, "तर इश्माएलाच्या लेकरांना काहून न्हाई?"

यांनी त्या ओळीवर बोट ठेवून ती पुन्हा वाचली. गिरणीत सात-आठ बाया होत्या. मग हे म्हणाले, "दुसरा अर्थच होत नाही म्हणालो, ते माझं चुकलं. याला आज माझ्याजवळ उत्तर नाही. लिही गं हे."

चंदाबाईंनी विचारले, मास्तर हरले का? मुनीरभाई म्हणाले, "हरले न्हाई चंदाबाई. हरणारा माणूस असं बोलत न्हाई."

मी तारीख लिहिली. आणि पुढे लिहिले नाही. चुलीवर दूध आहे म्हणून उठले. दूध नव्हते. माझ्या हाताने दिलेल्या माझ्या शास्त्रातून माझा नवरा चारचौघींत गप्प झाला, हे मला सहन झाले नाही. रात्री यांनी विचारले, लिहिलंस? मी म्हटले, लिहिलं. यांनी कधी वही उघडून पाहिली नाही. माझ्या हिशेबावर त्यांचा तेवढा विश्वास होता.

तीन दिवसांनी नवा विषय निघाला, योहानाच्या शुभवर्तमानात येशू ज्याच्या येण्याचे वचन देतो तो कैवारी कोण. पान कोरे सोडले असते तर कोणाच्याही लक्षात आले असते. पण कागद वाया घालवायचा नाही ही माझी सवय. त्या तारखेच्या लगेच खाली मी नवी तारीख घालून पुढचे लिहिले. लपवायला म्हणून नाही, काटकसर म्हणून. पण लपले खरे.

याच्या आधीच्या वर्षी यांनी विचारले होते की आधीच्या ग्रंथांत फेरफार झाला म्हणता तर तो कोणी केला, कोणत्या साली? मुनीरभाई म्हणाले होते, "नाव आणि साल मला सांगता येत न्हाई, मास्तर. मालूम न्हाई." ते मी अक्षर न् अक्षर लिहिले आहे, शिवाय खाली रेघसुद्धा मारली आहे. म्हणजे त्यांचे "मालूम न्हाई" जमेला धरले आणि यांचे खोडले. असा हिशेब मी वाण्याच्या दुकानात कधी चालू दिला नसता.

२००७ च्याच रमजानमध्ये मुनीरभाईंनी दुसरी वही घरी नेली. महिन्याने आणून दिली. मी त्यांच्या तोंडाकडे पाहीना. ते म्हणाले, "भाभी, अक्षर लई साफ आहे तुमचं. वाचणाऱ्याला तकलीफ न्हाई." एवढेच. त्यांनी पाहिले होते, हे मला तेव्हाच कळले. पुढे बारा वर्षे, हे प्रभूजवळ जाईपर्यंत, रोज बाकड्यावर मांडीला मांडी लावून बसले, पण यांना एका शब्दाने सांगितले नाही.

याने माझा विश्वास जागचा हलला असे कोणी समजू नये. संदेष्ट्यांच्या सर्व खुणा माझ्या प्रभूतच पुऱ्या झाल्या असे मी मानते आणि तसेच मानत मरणार आहे. एका शब्दाचा अर्थ आपल्या बाजूने वळला नाही म्हणून जो देव लहान होतो, त्याला मी पन्नास वर्षे पहाटे उठून प्रार्थना केली नसती. यांनाही तेच वाटत असणार, म्हणून ते "लिही" म्हणू शकले. घाबरले ते मीच.

म्हणून या वह्यांची व्यवस्था अशी.

(अ) तिन्ही वह्या सय्यद मुनीरोद्दीन यांना, जे २०२१ साली गिरणी विकून नांदेडला मुलगी नसीमा हिच्याकडे राहायला गेले. त्यांच्या पश्चात नसीमाला, आणि तिला नको झाल्यास पुनमला. माझ्या माणसांना वाटेल की आईने बापाची विद्या दुसऱ्याच्या घरी दिली. तर यांची बाजू यांच्यामागे नीट सांगणारा मुनीरभाईंइतका दुसरा माणूस मला ठाऊक नाही. त्यांनी ती सहा वेळा चुकून सातव्यांदा शिकलेली आहे.

(आ) स्वप्निलला वह्या कधीही वाचायला, उतरवून घ्यायला मोकळीक राहील. छापायच्या तर पानाच्या दोन्ही बाजू, एकही ओळ न गाळता. ते जमत नसेल तर छापू नये. काढलेले फोटो त्याने ठेवावेत, पण वापरू नयेत. वडिलांचे पेन्सिलीच्या खुणांचे शास्त्र त्याला. स्वप्निल, रागावू नकोस. तुझ्या वडिलांची सर्वांत मोठी ओळ त्या वहीत नाही, ती मी खाल्ली. "याला आज माझ्याजवळ उत्तर नाही", ही ती. मंडळीत कधी ती सांगून बघ. लोक गोंधळत नाहीत.

(इ) २००७ चे राहिलेले पान मी वर लिहिल्याप्रमाणे वेगळ्या कागदावर उतरवले आहे. कलम ८ प्रमाणे मुनीरभाईंचे उत्तर येईपर्यंत ते वहीत चिकटवू नये.

५. माझे शास्त्र, जे मुनीरभाईंनी नेले होते ते, माझ्याबरोबर पेटीत ठेवू नये. चांगल्या अवस्थेत आहे. पुनमला द्यावे.

६. दफन यांच्या शेजारी. भाषण एकच, दहा मिनिटांचे. गावातल्या कोणाला मातीला हात लावायचा असेल तर, कोणत्याही धर्माचा असो, अडवू नये. आलेल्यांना चहा द्यावा, बिस्कीट नको, उन्हाळा असल्यास ताक.

७. या मृत्युपत्राची अंमलबजावणी पुनमने करावी. तिच्यात वडिलांचा धीर आहे आणि माझा हिशेब. आधीचे कोणतेही मृत्युपत्र नाही.

८. हे मृत्युपत्र मी कळमनुरीला नोंदवणार आहे, पण मुनीरभाईंचे उत्तर आल्यावर. सतरा वर्षांपूर्वीचे बोलणे मी आठवणीने लिहिले आहे, आणि ज्याचे बोलणे आहे तो माणूस देवाच्या कृपेने हयात आहे. त्याला न विचारता मी ते खरे म्हणून मागे ठेवणे म्हणजे तीच चूक दुसऱ्यांदा. म्हणून याची एक झेरॉक्स व ते पान आजच नांदेडला पाठवते आहे.

साक्षीदार. दोघांनाही वर काही मिळालेले नाही, हे त्यांनी तपासून घेतले आहे.

१. भागवत किसनराव पतंगे, धंदा शेती, रा. डोंगरकडा (सही)

२. चंदाबाई गोपीचंद राठोड, धंदा शेती, रा. तांडा, डोंगरकडा (डाव्या हाताचा अंगठा). यांना कलम ४ दोनदा वाचून दाखवले. त्या त्या दिवशी गिरणीत हजर होत्या. म्हणाल्या, "असंच झालं व्हतं. पर माझी ज्वारी त्या दिशी दळलीच न्हाई, ते लिवलं न्हाई तुमी." ते येथे लिहिले.

लिहून ठेवणार: शकुंतलाबाई उत्तमराव खिल्लारे (सही)

ठिकाण डोंगरकडा, दि. ३ फेब्रुवारी २०२५.

मुनीरभाईंस सलाम. वरील कलम ४ आणि सोबतचे पान रमजान लागायच्या आत वाचावे. तुमच्या तोंडी घातलेला शब्द चुकला असेल तर खोडून तुमचा घालावा. यांच्या तोंडचा चुकला असेल तर तोही, कारण तो आता तुम्हालाच माहीत आहे. माझी चूक पाहूनही तुम्ही गप्प का राहिलात हे विचारत नाही. वह्या ठेवून घ्याल की नाही तेवढे सांगा. ठेवून घेणार नसाल तरी मी वाईट वाटून घेणार नाही. थोडे घेईन. नसीमाला फोन करायला लावू नका. फोन वहीत चिकटवता येत नाही. पत्ता लिहिलेले पाकीट तिकीट लावून आत ठेवले आहे. जे काय असेल ते तुमच्या हाताने लिहून उलट टपाली कळवावे.